मुलींचं क्रिकेट : तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलला. दहावीच्या वर्षी खेळ बंद करू का, असं विचारणारे आईबाप आता मुलीच्या हाती बॅट कधी द्यायची, कुठली द्यायची, लागणार तर नाही ना, असं विचारताहेत. मी मिरजेत शाळेत खेळ शिकवते आणि सुट्टीच्या सकाळी लहान मुलींचा टेनिस चेंडूचा खेळ घेते. त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार आनंद होतो, आणि थोडी घाईही वाटते, कारण विश्वचषकाची ही हवा ओसरायच्या आत या मुली मैदानात यायला हव्यात. या अंकाची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

बाई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. सोसायटीतली मुलं रोज संध्याकाळी खेळतात. ती खाली जाते, पण तिला फक्त गेलेला चेंडू आणायला पळवतात. आठवड्याभरात कंटाळून घरात बसली. तिला क्रिकेट आवडत नाही असं समजायचं का?
— एक आई, बार्शी

अजिबात नाही. तिला अजून क्रिकेट मिळालेलंच नाही, मग आवडनिवड कुठून ठरणार? संध्याकाळच्या तासाभरात तिच्या बॅटला चेंडू किती वेळा लागला आणि तिनं हातानं किती वेळा टाकला, ते एकदा गॅलरीतून बघा. दोन्ही मिळून शून्य असेल, तर तो तास तिच्यासाठी नुसती धावाधाव होती. मुली खेळ सोडतात त्याचं मला दिसलेलं सगळ्यांत मोठं कारण हेच. लागलं म्हणून सोडणाऱ्या थोड्या, वाट बघून सोडणाऱ्या खूप.

सुरुवात घरातूनच करा. जुन्या मोज्यात हलका चेंडू घाला, वर गाठ मारा आणि दोरीनं गॅलरीच्या गजाला टांगा. तिच्या गुडघ्याच्या किंचित वर चेंडू आला पाहिजे. आजूबाजूला काच किंवा कुंडी नको. चेंडू टांगलेला असला की कुणी टाकायची वाट बघावी लागत नाही, आणि दहा मिनिटांत शंभरेक वेळा बॅट फिरते. बॅट धरायला शिकवताना बोटं कुठं, अंगठा कुठं असं काही सांगू नका. बॅट जमिनीवर पालथी ठेवा आणि कुऱ्हाड उचलतात तशी दोन्ही हातांनी उचल म्हणा. पकड आपोआप बरोबर येते. दोन हात एकमेकांना चिकटून आहेत एवढंच बघा. लहान मुलं हात लांब लांब धरतात आणि मग बॅट फिरतच नाही.

बॅट प्लॅस्टिकची घ्या. लाकडी घ्यायचीच असेल तर वरच्या एका हातात धरून ती सहज उचलून मागे नेता येते का, ते दुकानातच बघा. ‘मोठी झाल्यावर पण चालेल’ म्हणून दोन नंबर मोठी बॅट घेऊ नका. शाळेचा बूट मोठा घेतला तर पुढे कापूस घालता येतो, बॅटला तसं काही करता येत नाही. जड बॅटनं मुलगी चेंडू मारत नाही, बॅटच तिला ओढून नेते.

चेंडू स्पंजचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा असावा. तो जमला की साधा टेनिस चेंडू. गावोगावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धांत वापरतात तो जड चेंडू दिसायला तसाच असतो, पण लागतो चांगलाच. दुकानदाराला ‘हलका’ असं स्पष्ट सांगून मागा.

आणि खालच्या मुलांसाठी एक नियम सुचवा : चेंडू जो आणेल, पुढचा चेंडू त्यानंच टाकायचा. मुलं हा नियम मान्य करतात, कारण त्यातला न्याय त्यांना लगेच कळतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. २४ मुली आहेत, खेळाचं सामान फारसं नाही, पटांगणाच्या एका कडेला विहीर आहे. मला क्रिकेटचे नियमही धड येत नाहीत. तरी या मुलींना खेळवायचं आहे. कसं करू?
— एक शिक्षिका, ता. साक्री, जि. धुळे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नियम येत नाहीत याची काळजी करू नका. एलबीडब्ल्यू, नो बॉल, फ्री हिट यांतलं काहीही लागणार नाही. खाली लिहिते तो खेळ मी घेते तसाच लिहिते. याचा गाभा माझा नाही. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत ‘क्विक क्रिकेट’ नावानं प्लॅस्टिकच्या बॅट-चेंडूचा जोड्यांचा खेळ वर्षानुवर्षं खेळवला गेला, तिथून तो घेतला आहे. आपल्या पटांगणाला आणि आपल्या मुलींना बसेल तसा थोडा बदलला आहे.

२४ मुलींचे सहा-सहाचे चार संघ करा. एका वेळी दोन सामने चालतील, म्हणजे वर्ग भिंतीशी बसून राहणार नाही. दोन्ही सामन्यांचे स्टंप पटांगणाच्या मध्याकडे, एकमेकांकडे पाठ करून रोवा. मध्ये वीसेक पावलं मोकळी सोडा. अशानं दोन्हीकडच्या मुली बाहेरच्या दिशेला मारतात, एकीचा फटका दुसरीच्या पाठीत बसत नाही. विहिरीकडची बाजू मात्र खेळात घेऊच नका. तिकडे दोरी बांधा, चेंडू दोरीपलीकडे गेला की तो चौकार नाही, चेंडू थांबला, आणि आणायला जायचं ते फक्त तुम्ही. विहिरीवर झाकण किंवा जाळी नसेल तर आधी ती ग्रामपंचायतीकडून बसवून घ्या, खेळ त्यानंतर. यात तडजोड नको.

खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे वीस मीटरची, या वयात नकोच. ऑस्ट्रेलियात मुलांच्या सगळ्यांत छोट्या गटाच्या सामन्यांनाही १६ मीटरची खेळपट्टी ठेवतात. तुमच्या तिसरीच्या मुलींना मोठ्या माणसाची सतरा-अठरा पावलं पुष्कळ झाली. अंतर कमी असलं की चेंडू पोचतो, आणि पोचला की मारता येतो. स्टंप म्हणून रंगाचा रिकामा डबा, प्लॅस्टिकची खुर्ची, उभी केलेली पाटी, काहीही चालेल. विटा मात्र नकोत, धावताना ठेच लागते. बॅट कमी असतील तर सुताराकडून हलकी फळी कापून घ्या, कडा पॉलिशपेपरनं घासून घ्या. समोरच्या टोकाला जी धावायला उभी असते तिला बॅट लागत नाही, ती नुसती पळते.

आता खेळ. सहा जणींच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडी दोन षटकं खेळते, म्हणजे बारा चेंडू. दर तीन चेंडूंनी दोघींनी जागा बदलायच्या, त्यामुळे प्रत्येकीला सहा चेंडू नक्की मिळतात. एकीनं एक एक धाव काढत सगळी षटकं आपल्याकडेच ठेवली असं होत नाही. आउट झाली तरी कुणीही बाहेर जात नाही. संघाच्या खात्यातून पाच धावा वजा होतात, आणि ती तिथेच उभी राहून पुढचा चेंडू खेळते. वजाबाकीनं खातं शून्याखाली जाऊ नये म्हणून प्रत्येक संघ २०० धावांपासून सुरू करतो. चौथीच्या मुलींना ही २०० ची सुरुवात फार आवडते. पहिल्या चेंडूआधीच फळ्यावर मोठी धावसंख्या असते.

गोलंदाजी क्षेत्ररक्षण करणाऱ्या सहाही जणी एकेक षटक करतात. ‘तू नको, तू वाईड टाकतेस’ हे वाक्य मैदानावर बंद. हात फिरवून टाकता येत नसेल तर खालून टाकावा, एक टप्पा पडून गेला तरी चालतो. ज्यांचा पोचत नाही त्यांनी चार पावलं पुढे येऊन टाकावा. वाईडला समोरच्यांना दोन धावा द्या, पण चेंडू परत टाकायला लावू नका. नाहीतर एखाद्या बिचारीचं षटक वीस चेंडूंचं होतं, सगळ्या तिच्याकडे बघत राहतात, आणि पुढच्या शनिवारी तिचं पोट दुखतं. एका टोकाकडूनच गोलंदाजी ठेवा. दर षटकानंतर क्षेत्ररक्षणाच्या जागा घड्याळाच्या काट्यासारख्या एकेक घर पुढे सरकतात. ज्या लांब उभ्या होत्या त्या जवळ येतात, यष्टिरक्षक लांब जाते. मी षटकार ठेवत नाही, चौकार आहे. उंच मारण्याच्या नादात लहान मुली डोळे मिटून बॅट फिरवतात, आणि चेंडू जमिनीवरून गेला की क्षेत्ररक्षण करणाऱ्यांच्याही हाती लागतो.

दोन गोष्टी फक्कीनं आखून घ्या. पहिली, बॅट फिरवणारीभोवती सात-आठ पावलांचं वर्तुळ. चेंडू मारला जाईपर्यंत यष्टिरक्षकही त्याच्या आत येणार नाही. दुसरी, बाजूला एक चौकोन, जिथं बॅट ठेवायच्या. खेळत नसलेल्या मुलीच्या हातात बॅट दिसता कामा नये. लहान मुलांच्या मैदानावर चेंडूपेक्षा मैत्रिणीच्या बॅटचा फटका लागण्याची भीती जास्त असते. धाव घेताना बॅट फेकून पळणारीच्या पाच धावा वजा. एकदा वजा झाल्या की तिच्याच संघातल्या मुली तिला आठवण करून देतात.

फलंदाजी करणाऱ्या संघाच्या उरलेल्या दोन जोड्या रिकाम्या ठेवू नका. एक जोडी फळ्यावर धावा लिहील आणि दर षटकाला बेरीज-वजाबाकी मोठ्यानं सांगेल. मुख्याध्यापकांनी विचारलं की गणिताचा तास कुठं गेला, तर हा फळा दाखवा. दुसरी जोडी बाजूला एकमेकींना चेंडू झेलायला देईल. दोन्ही डाव मिळून बारा षटकं होतात, लहान मुलींना तासभर लागतो. शाळा सुटायच्या आधीचा तास धरा, दुपारचा नको.

पहिल्याच दिवशी सगळं जमणार नाही. पहिल्या वेळी नुसत्या जोड्या, वजा पाच आणि फक्कीचं वर्तुळ एवढंच लावा. बाकीचं एकेक करून घ्या.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. चेंडू आला की तोंड फिरवते आणि डोळे मिटते. थ्रोही ‘मुलींसारखा’ खांद्यापासून ढकलल्यासारखा करते. हे अंगातच असतं का? सुधारेल का?
— एक बाबा, यवतमाळ

अंगात नसतं. तुमच्या शेजारच्या एखाद्या चांगल्या खेळणाऱ्या मुलाला डाव्या हातानं लांब फेकायला सांगा. अगदी तुमच्या मुलीसारखाच फेकेल. त्याचा उजवा हात लहानपणापासून दगड, चिंचा, कैऱ्या आणि चेंडू मारत आला आहे, डावा नाही. मुलीचे दोन्ही हात त्या सवयीविना वाढतात, एवढाच फरक आहे. माझ्याकडे येणाऱ्या ज्या मुली आजोळी कैऱ्या पाडत मोठ्या झाल्या आहेत, त्यांचा हात पहिल्या दिवसापासून मोकळा असतो.

फेकायला शिकवताना तिला आधी आडवी उभी करा, डावा खांदा समोर (ती उजव्या हाताची असेल तर). उजवं कोपर खांद्याइतकं वर. डाव्या पायानं पुढे पाऊल टाकायचं, मग कंबर फिरते, मग हात येतो. याच क्रमानं. भिंतीवर खडूनं गोल काढा आणि जोरात मारायला सांगा. नेम धरायला सांगू नका. नेम धर म्हटलं की मुलं हात आखडतात. जोर आला की नेम मागून येतो.

डोळे मिटण्याचं कारण भीती आहे, आणि ती खरी आहे. कधीतरी कडक चेंडू बोटाला लागला असणार. तिला रागावून ती जात नाही. मी फुग्यापासून सुरू करते. फुगा हळू येतो, त्याच्याकडे बघत राहायला वेळ मिळतो. मग गोळा केलेले मोजे, मग स्पंजचा चेंडू, मग एक टप्पा पडलेला टेनिस चेंडू, मग सरळ झेल. छातीच्या वर आलेल्या झेलाला बोटं आकाशाकडे, खाली आलेल्याला बोटं जमिनीकडे, आणि चेंडू हातात आला की हात अंगाकडे ओढून घ्यायचे. बोटं चेंडूच्या समोर रोखलेली असली की दुखतात आणि मग मुलगी पुन्हा तोंड फिरवते. चेंडूवर स्केचपेननं मोठं अक्षर काढा आणि झेलताना ते कोणतं होतं ते विचारा. उत्तर द्यायचं म्हणून ती डोळे उघडे ठेवते, आणि आपण ‘डोळे उघड’ असं एकदाही म्हटलेलं नसतं.

तुम्ही स्वतः रोज पंधरा मिनिटं तिच्यासमोर उभे राहा. आणि ‘मुलींसारखा थ्रो’ हे शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका.

माझी नात अकरा वर्षांची. आई-वडील तिला क्रिकेटला घालायचं म्हणतात. माझा विरोध नाही, पण नाक फुटलं, दात पडला, उन्हानं आजारी पडली तर काय? आमच्या वेळी मुली असलं काही खेळत नव्हत्या.
— एक आजोबा, फलटण

आजोबा, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. टेनिस चेंडूनं इजा होतच नाही असं नाही. डोळ्यावर बसला तर लागतो. पण त्याचं वजन साधारण ५८ ग्रॅम असतं, आणि मोठ्या बायकांच्या सामन्यातला चामड्याचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, शिवाय कडक. म्हणून चामड्याच्या चेंडूला जाळीचं हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज आणि गार्ड घातल्याशिवाय एकही चेंडू खेळायचा नाही, ‘आज फक्त सराव आहे’ म्हणूनसुद्धा नाही. टेनिस चेंडूवर हे ओझं लागत नाही, वर साक्रीच्या बाईंना लिहिलेलं वर्तुळ पाळलं की पुरे.

नाकातून रक्त आलं तर तिला बसवा, मान पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. मान मागे करू नका, रक्त घशात उतरतं. कायमचा दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्य गाठा. घासून पुसून स्वच्छ करायला जाऊ नका. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी झाली, झोपाळली, डोकं दुखतच राहिलं तर लगेच डॉक्टर. हे मी माझ्या प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी सांगते. उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आमचा खेळ सकाळी साडेनऊच्या आत संपतो, टोपी आणि पाण्याची बाटली नसेल तर मुलगी सावलीत धावा लिहिते.

तुमच्या वेळच्या मुली मात्र खेळत होत्या, आजोबा, आणि तुमच्यापासून फार लांब नाही. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी १९७६ मध्ये भारताकडून कसोटी खेळल्या आणि पुढे संघाच्या कर्णधारही झाल्या. त्यांची नावं तेव्हा घरोघरी पोचली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. एखाद्या सकाळी नातीबरोबर मैदानावर या. मुली थकल्यावर पाणी प्यायला आजोबांच्या भोवतीच जमतात.

मी सातवीत आहे. मुलांबरोबर खेळते. ते मला कच्चा लिंबू ठेवतात. मी आउट झाले तरी आउट देत नाहीत आणि मला हळू बॉल टाकतात. मला राग येतो. काय करू?
— एक मुलगी, चिपळूण

तुझा राग बरोबर आहे. कच्चा लिंबू ही सवलत तुझ्या चार वर्षांच्या भावाला शोभते. ती त्याच्यासाठी चांगलीच आहे, त्याला मोठ्यांत खेळायला मिळतं. तुला ती नको असेल तर आज खेळ सुरू व्हायच्या आधी सांग, खेळाच्या मधे नको : ‘मला आउट द्या, पण मला गोलंदाजीही द्या.’ दोन्ही एकत्र माग. आणि आउट झालीस तर वाद न घालता बॅट खाली ठेव. दुसऱ्या आठवड्यापासून ते तुला वेगानंच टाकतील.

जेमिमा रॉड्रिग्ज भावांबरोबर खेळत मोठी झाली. स्मृती मानधना भावाच्या सरावाला जाऊन बसायची. त्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात जेमिमानं काढलेल्या नाबाद १२७ धावा तू पाहिल्या असशील. बघितल्या नसतील तर बाबांना सांगून बघ, आणि ती दोन धावा कशा पळते तिकडे लक्ष दे.

शिवाय अजून तीन मुली शोध. चौघी झालात की जोड्यांचा खेळ होतो.

मुलगी दहा वर्षांची आहे. टेनिस चेंडूवर छान खेळते. अकादमीत घालावं का? चामड्याचा चेंडू कधी? तिला जलद गोलंदाज व्हायचंय.
— एक पालक, पनवेल

ती टेनिस चेंडूचे झेल न घाबरता घेते, चेंडूच्या रेषेत येऊन खेळते आणि तिला स्वतःला पुढे जायचंय, या तिन्ही गोष्टी असतील तर या वयात हळूहळू चामड्याच्या चेंडूकडे वळायला हरकत नाही. आठवड्यातून एकदा, पूर्ण साधनांसह. चेंडू मुलींच्या वजनाचा मागा, दुकानात बहुधा पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा हातात देतात. पॅड-ग्लोव्ह्ज नवे घेऊ नका, मुली वर्षात उंच होतात. मोठ्या मुलींचे वापरलेले घ्या. हेल्मेट मात्र नवं, आणि तिच्या डोक्यावर घालून बघूनच.

अकादमी निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका. एखाद्या संध्याकाळी न सांगता जा आणि तासभर एकाच लहान मुलीवर नजर ठेवा. तिला किती चेंडू खेळायला मिळाले, किती टाकायला मिळाले, मोजा. रांगेत उभं राहण्यातच तास गेला असेल तर तिथं पैसे भरू नका. तिथं बाई प्रशिक्षक किंवा निदान एखादी जबाबदार बाई आहे का, मुलींसाठी स्वच्छ आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, ते स्वतः जाऊन बघा. या दोन गोष्टींसाठी मी पालकांना भांडायलाही सांगते.

जलद गोलंदाजीचं सांभाळून. वाढीच्या वयात खालच्या पाठीच्या मणक्यावर फार ताण येतो, आणि अति गोलंदाजीनं तिथल्या हाडाला बारीक भेग पडते. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांखालच्या जलद गोलंदाजांना एका दमात पाचपेक्षा जास्त षटकं टाकू देत नाहीत. तुमची मुलगी दहाची आहे, तिला तीन-चार पुरेत. पाय आणि कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला वळत असतील तर ते आत्ताच बदलून घ्या. पाठ दुखते म्हणाली तर ‘सवय होईल’ म्हणू नका, थांबवा.

पुढची वाट १५, १९ आणि २३ वर्षांखालील संघांची. पनवेल असल्यानं निवड चाचण्या कुणाकडे हे आधी विचारून घ्या, कारण आपल्या राज्यात तीन संघटना आहेत : मुंबई, पुण्याची महाराष्ट्र आणि नागपूरची विदर्भ. स्मृतीची निवड नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या १५ खालील संघात झाली होती, हे पालक मला नेहमी सांगतात. पण तिचे वडील आणि भाऊ जिल्हा पातळीवर खेळलेले होते, चेंडू तिच्या घरातच होता. त्या वयाचं मोजमाप आपल्या मुलीला लावू नका.

पाळी सुरू झाल्यावर आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलींनी मैदानावर येणं बंद केलं. काय करावं?
— एक क्रीडाशिक्षिका, वसमत, जि. हिंगोली

ट्रॅकपँट गडद रंगाची ठरवा, पांढरी नको. मैदानाजवळ सॅनिटरी पॅड, पाणी, साबण आणि झाकणाची कचरापेटी असलेली खोली मिळवा. मुख्याध्यापकांकडे लेखी मागा आणि पाठपुरावा करा. त्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीवर सोडा, कारण विचारू नका. नाही खेळली तर धावा लिहिणं किंवा पंचगिरी तिच्याकडे, म्हणजे ती मैदानावरच राहते. सतत दमणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासून घ्या. एकदा आयांना मैदानावर बोलवा आणि त्यांच्याच दोन जोड्या करून बारा-बारा चेंडू खेळवा. त्यानंतर मुलींना घरून अडवलं जाणं बरंच कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

मुलगी पंधरा वर्षांची, भालाफेक करते. आता क्रिकेट शिकावं म्हणते. उशीर झाला का?
— एक आई, पंढरपूर

तुमच्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी मैदानी खेळांतली खेळाडू होती, भाला आणि गोळा फेकायची. क्रिकेटकडे ती नंतर वळली. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं टी-ट्वेंटी सामन्यात ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या आणि त्याच वर्षी भारताकडूनही खेळली. भाला फेकणाऱ्या मुलीचा खांदा आणि कंबर आधीच तयार असतात, सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेकणारी क्षेत्ररक्षक सगळ्यांनाच हवी असते. मोठी आहे म्हणून थेट चामड्याच्या चेंडूवर उभी करू नका. दोन-तीन महिने टेनिस चेंडूवर, लहान मुलींच्या जोड्यांत खेळू द्या. भाल्याच्या आणि थ्रोच्या सरावाचे दिवस वेगळे ठेवा, दोन्ही एकाच दिवशी केलं तर खांदा दुखावतो. आणि भाल्याच्या प्रशिक्षकांना आधी सांगा, त्यांना बाहेरून कळू देऊ नका.